एकाच कात्रीची दोन पाती
(अमेरिकेतील मांस-कारखान्यांचे संप आणि शेतकरी : जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलून झाले, कर्जावर बोलून झाले. आता आम्ही जो विषय मांडणार आहोत तो ऐकून काहीजण म्हणतील, यांना झाले तरी काय? तिकडे अमेरिकेत डुकराच्या मांसाच्या कारखान्यात कामगारांनी संप केला आणि ते हरले, त्याला चाळीस वर्षे होत आली. त्याचे आमच्या पऱ्हाटीशी आणि ज्वारीशी देणेघेणे काय?

देणेघेणे आहे, म्हणूनच बोलतो. कोणी काय खावे हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. आपल्याला पाहायचा आहे तो हिशेब. कारखानदाराच्या वाड्याला दोन दारे असतात. एका दाराने शेतकऱ्याचा माल आत येतो, दुसऱ्या दाराने कामगार आत येतो. दोघांनाही तो जमेल तितके कमी देतो. एवढे तर कोणालाही दिसते. पण त्याच्या पुढची गोष्ट चटकन दिसत नाही. मोडलेला शेतकरी कामगाराच्या विरोधात वापरता येतो, आणि कामगार मोडला की तोच कारखानदार शेतकऱ्यापुढे आणखी ताठ उभा राहतो.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात ऑस्टिन नावाचे लहानसे गाव आहे. तिथे हॉर्मेल नावाच्या कंपनीचा कारखाना आहे. १८९१ साली सुरू झालेली ही कंपनी. डब्यातले मांस विकून ती जगभर पोचली. या गावात दोन मोठे संप झाले. १९३३ चा संप कामगार जिंकले, १९८५ चा हरले. गाव तेच, कंपनी तीच. मग फरक कुठे पडला? तो समजून घेण्यासाठी हे भाषण.

थांबता न येणारा माल

आधी धंदा समजून घेऊ. तिकडच्या आयोवा, मिनेसोटा भागातला शेतकरी मका पिकवतो. पूर्वी तो सगळा मका बाजारात नेत नसे. घरच्या डुकरांना घालायचा आणि डुक्कर विकायचा. कॅन्सस राज्यात आपल्यासारखीच कोरडवाहू ज्वारी होते. आपण जिची भाकरी करतो ती ज्वारी तिकडे जनावरांच्या दावणीत जाते. म्हणजे त्या देशात धान्याचा भाव बऱ्याच अंशी मांसाच्या भावाला बांधलेला आहे, आणि मांसाचा भाव ठरवणार कारखानदार. तिकडे त्याला पॅकर म्हणतात.

डुक्कर सहा महिन्यांत सव्वाशे किलोच्या आसपास भरते. त्या वजनाला ते विकले गेलेच पाहिजे. पुढे ठेवले तर रोज खाणे चालू, चरबी वाढते आणि भाव कापला जातो. आपला कापूस चार महिने घरात पडून राहू शकतो. कापूस थांबतो पण सावकार थांबत नाही, हे आपले दुखणे. तिकडे सावकारही थांबत नाही आणि मालही थांबत नाही. शेतकऱ्याला थांबता येत नाही हे पॅकरला पक्के ठाऊक असते.

पण मांस पॅकरलाही थांबवता येत नाही. कापलेले मांस चोवीस तास सांभाळावे लागते. कामगारांनी हात थांबवले की माल सडायला लागतो. म्हणून या धंद्यात संपाला धार आहे, आणि म्हणूनच पॅकरांनी संप मोडण्याची विद्या फार लवकर आत्मसात केली.

ती विद्या शिकागो शहरात तयार झाली. १८६५ साली तिथे जनावरांचा मोठा बाजार-तळ सुरू झाला. पूर्वी एक खाटीक अख्खे जनावर सोलायचा, कापायचा. ते कसबी काम होते. पॅकरांनी त्याचे तुकडे केले. जनावर साखळीला टांगलेले पुढे सरकते आणि प्रत्येक माणूस दिवसभर एकच घाव घालतो. अशा माणसाला काढून दुसरा उभा करायला दोन दिवस पुरतात. १९०४ च्या जुलैमध्ये शिकागोच्या कामगारांनी संप केला तो अकुशल कामगारांची मजुरी घसरू नये म्हणून. पॅकरांनी बाहेरगावाहून गरजू माणसे आणून साखळी चालू ठेवली आणि संप बुडाला. त्यानंतर अप्टन सिंक्लेअर यांनी या कारखान्यांवर ‘द जंगल’ ही कादंबरी लिहिली. १९०६ साली ती पुस्तकरूपाने आली तेव्हा देश हादरला आणि त्याच वर्षी मांस तपासणीचा कायदा झाला. खाणाऱ्याचे पोट सांभाळले गेले. कापणाऱ्याच्या मजुरीला कोणी हात लावला नाही.

शेतकऱ्यांची ओरडही तेव्हापासूनच होती. सरकारच्या व्यापार आयोगाने पहिल्या महायुद्धाच्या काळात चौकशी केली. आर्मर, स्विफ्ट, मॉरिस, विल्सन आणि कडाही या पाच कंपन्यांनी बाजार मुठीत ठेवल्याचे त्या चौकशीत निघाले. १९२१ साली पॅकर आणि जनावरांचे बाजार यांच्यावर नियंत्रणाचा कायदा झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस कामगारांचा आणखी एक संप सुरू झाला आणि १९२२ मध्ये तो मोडला गेला. म्हणजे दोघेही एकाच कंपन्यांविरुद्ध लढत होते, पण आपापल्या वाटेने. एकाने दुसऱ्याकडे पाहिले नाही.

१९३३ : दोघे एका बाजूला

पुढे १९२९ नंतरची मोठी मंदी आली. १९३२ साली जिवंत डुकराचा भाव शंभर पौंडाला तीन-साडेतीन डॉलरवर आला. शंभर पौंड म्हणजे पंचेचाळीस किलो. खाऊ घातलेल्या मक्याचाही खर्च निघेना. बँकांनी शेते जप्तीत काढायला सुरुवात केली.

तेव्हा आयोवात मिलो रेनो यांच्या पुढाकाराने ‘फार्मर्स हॉलिडे’ नावाची चळवळ उभी राहिली. बँकांना सुट्टी मिळते, मग शेतकऱ्यानेही सुट्टी घ्यावी, माल बाजारात नेऊच नये, अशी ती कल्पना. ऑगस्ट १९३२ मध्ये सू सिटी शहराकडे जाणारे रस्ते शेतकऱ्यांनी अडवले. जप्तीच्या लिलावात आणखी एक युक्ती निघाली. सगळे शेजारी लिलावाला जमायचे. नांगराला पाच सेंट, घोड्याला दहा सेंट, अशा बोल्या लावायच्या. बाहेरचा कोणी बोली वाढवू लागला की गर्दी त्याच्याकडे वळून पाहायची आणि तो गप्प बसायचा. दोन-चार डॉलरांत सगळे विकत घेऊन सामान मूळ मालकाला परत द्यायचे. लिलाव कायदेशीर आणि बँकेच्या हाती चिल्लर.

मिनेसोटात तेव्हा गव्हर्नर होते फ्लॉइड ऑल्सन. त्यांच्या पक्षाचे नावच ‘फार्मर-लेबर’, म्हणजे शेतकरी-कामगार पक्ष. १९३३ च्या सुरुवातीला त्यांनी जप्तीचे लिलाव रोखले आणि त्याच वर्षी विधिमंडळाने गहाण जमिनींच्या जप्तीला स्थगिती देणारा कायदा केला. सावकारमंडळी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९३४ साली न्यायालयाने शेतकऱ्यांच्या बाजूचा हा कायदा वैध ठरवला.

आता त्याच वर्षीची दुसरी घटना पाहा. नोव्हेंबर १९३३ मध्ये ऑस्टिनच्या हॉर्मेल कारखान्यातील कामगारांनी संप केला. फ्रँक एलिस हा त्यांचा पुढारी. संघटना केवळ कत्तलखान्यातल्या माणसांची नव्हती. गावातल्या सगळ्या कष्टकऱ्यांना एका छताखाली आणायचे असा त्यांचा बेत होता. संपकरी फाटकाबाहेर उभे राहिले नाहीत. ते आत शिरले, मालकाला आणि अधिकाऱ्यांना बाहेरची वाट दाखवली आणि कारखान्याचा ताबा घेतला. बर्फखान्यातले मांस आता त्यांच्या हाती होते. बाहेरून संपफोडे आणायला जागाच उरली नाही. अमेरिकेत कारखान्यात ठाण मांडून झालेल्या पहिल्या काही संपांपैकी हा एक.

अशा वेळी सरकारने फौज घालून कारखाना मोकळा करावा अशी मागणी होतेच. ऑल्सन यांनी तसे केले नाही. ते स्वतः ऑस्टिनला आले, दोन्ही बाजूंना बसवले आणि मजुरीचा प्रश्न लवादाकडे दिला. तीन दिवसांत संप मिटला. मजुरी वाढली, संघटना टिकली.

पुढे या कंपनीत एक वेगळीच रीत सुरू झाली. हिवाळ्यात जनावरांची आवक जास्त, उन्हाळ्यात कमी. त्यामुळे कामगाराला वर्षातले काही महिने घरी बसावे लागायचे. हॉर्मेलने वर्षाचे बावन्न आठवडे मजुरीची हमी दिली, नफ्यात वाटाही दिला. हंगामी मजुरी म्हणजे काय असते हे आपल्यातल्या ज्यांनी जिनवर काम केले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

१९३३ साली कामगार जिंकले ते नुसत्या धाडसावर नाही. ज्या सरकारने शेतकऱ्याची जप्ती रोखली त्याच सरकारने कामगारावर फौज घालायचे टाळले, आणि ते सरकार दोघांच्या मतांवर उभे होते. हा धागा नीट ध्यानात ठेवा.

कारखाना खेड्यात आला

नंतरच्या पाच दशकांत मांस-कामगारांच्या संघटना देशभर झाल्या. १९८० च्या आसपास त्यांची मजुरी इतर कारखान्यांतील सरासरी मजुरीपेक्षा जास्त होती. काम रक्तामांसाचे, पण त्यावर घर बांधता येत होते, पोरे शिकवता येत होती.

हे मोडायला सुरुवात केली ती एका नव्या कंपनीने. १९६० च्या सुमारास आयोवातल्या डेनिसन गावात आयोवा बीफ पॅकर्स, म्हणजे आयबीपी, सुरू झाली. शिकागोचा जुना धंदा शहरात होता, ही कंपनी थेट खेड्यात आली. जनावरांच्या गोठ्याशेजारी कारखाना. शेतकऱ्याला बरे वाटले, वाहतूक वाचली. १९६७ पासून कंपनीने अख्खे धड पाठवण्याऐवजी कापलेले मांस खोक्यात भरून पाठवायला सुरुवात केली. शहरातल्या कसबी खाटकाचे काम संपले आणि ते काम खेड्यातल्या बिनकसबी मजुराकडे कमी मजुरीत आले. नेब्रास्कातल्या डकोटा सिटी इथल्या तिच्या कारखान्यात १९६९, १९७७-७८, १९८२ आणि १९८६-८७ असे संपामागून संप झाले. १९८२ मध्ये तर नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याच्या हुकमातली फौज, बोलावण्यात आली.

आयबीपी कमी मजुरी देते, मग आम्ही जास्त का द्यावी, असे जुन्या कंपन्या म्हणू लागल्या. १९८३ मध्ये विल्सन फूड्स या कंपनीने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्या आडून मजुरीचा करार मोडून मजुरी एका फटक्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास कापली. भाव पाडायचा तर आधी एका बाजारात पाडायचा आणि मग तो दर दुसरीकडे दाखवायचा. ही रीत आपल्या अडत बाजारात कोणाला ठाऊक नाही?

१९८५ : दुसरा संप

हॉर्मेलने ऑस्टिनमध्ये १९८२ साली नवा कारखाना उभा केला. त्यासाठी कामगारांनी आपल्या हक्काच्या पैशातून कंपनीला कर्जाऊ रक्कम दिली होती आणि संप न करण्याचे वचनही दिले होते. नव्या कारखान्यात साखळीचा वेग वाढला. मनगटे आणि खांदे निकामी होण्याच्या तक्रारी वाढल्या. आणि ऑक्टोबर १९८४ मध्ये कंपनीने मजुरी ताशी १० डॉलर ६९ सेंटवरून ८ डॉलर २५ सेंटवर आणली. तेवीस टक्के कपात. कंपनी तोट्यात होती म्हणावे तर तसेही नाही, नफ्यात चाललेली कंपनी ही.

कामगारांच्या स्थानिक युनियनचे नाव पी-९. जिम गायेट हे तिचे अध्यक्ष. १७ ऑगस्ट १९८५ रोजी सुमारे दीड हजार कामगार संपावर गेले. वरच्या देशव्यापी युनियनला हा संप पसंत नव्हता. तिचे म्हणणे असे की एकाच गावाने जास्त मजुरी मागून चालत नाही, आधी देशभरातल्या सगळ्या कारखान्यांची मजुरी एका पातळीवर आणावी लागेल. हे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. पण नफ्यातल्या कंपनीपुढेही मागे हटायचे तर पुढे कुठे उभे राहायचे, हा ऑस्टिनच्या कामगारांचा सवालही खोटा नव्हता.

संप टिकवला तो घरच्या बायकांनी. कामगारांच्या बायका, बहिणी आणि निवृत्त कामगार यांचे सहाय्यक मंडळ होते. धान्याचे कोठार चालवणे, कपडे गोळा करणे, मोर्चे काढणे ही कामे त्यांनी केली. देशभरातल्या युनियनच्या शाखांनी एकेक कुटुंब दत्तक घेतले. मिनेसोटातील ‘ग्राउंडस्वेल’ या शेतकरी चळवळीचे कार्यकर्तेही संपकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले.

१३ जानेवारी १९८६ रोजी कंपनीने कारखान्याचे फाटक उघडले आणि ज्याला काम हवे त्याने यावे असे जाहीर केले. अमेरिकेत १९३८ च्या न्यायालयाच्या एका निकालाने एक विचित्र सोय करून ठेवली आहे. पैशासाठी संप करणाऱ्या कामगाराला कामावरून काढता येत नाही, पण त्याच्या जागी कायमचा दुसरा माणूस भरता येतो. काढले नाही म्हणायचे आणि जागाही ठेवायची नाही. फाटकावर गर्दी झाली तेव्हा गव्हर्नर रूडी पर्पिच यांनी नॅशनल गार्ड पाठवले. ज्या राज्यात १९३३ मध्ये गव्हर्नर स्वतः येऊन तडजोड घडवून गेले, त्याच राज्यात या वेळी फौजेच्या पहाऱ्यात कारखाना चालू झाला.

फाटकातून आत गेले ते कोण?

भावांनो, ज्यासाठी हा विषय घेतला ती जागा आता आली.

आत गेले त्यांत काही पी-९ चेच जुने सभासद होते. घरचा हप्ता थकला, पोरे उपाशी राहू लागली, ते परतले. पण नवे जे आले ते आजूबाजूच्या पंचक्रोशीतले. त्यांत बेकार तरुण होते आणि मोडलेले शेतकरी होते.

ते मोडले कसे? १९७० च्या दशकात सरकार आणि बँका शेतकऱ्याला सांगत होत्या, जमीन घ्या, ट्रॅक्टर घ्या, पिकवा, जगाला धान्य हवे आहे. जमिनीचे भाव चढत होते आणि त्या भावावर कर्जे मिळत होती. १९७९ नंतर व्याजदर वाढवले गेले. १९८० च्या अखेरीस बँकांचा मूळ दरच वीस टक्क्यांच्या वर गेला. निर्यात घसरली, मक्याचे भाव पडले, आयोवात जमिनीची किंमत १९८१ ते १९८६ या काळात निम्म्याहून खाली आली. तारण कमी पडले म्हणून बँका दारात आल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची शेते लिलावात गेली. आत्महत्या झाल्या. जानेवारी १९८५ मध्ये हजारो शेतकरी सेंट पॉल या मिनेसोटाच्या राजधानीत जमले होते. सप्टेंबर १९८५ मध्ये, ऑस्टिनचा संप चालू असतानाच, इलिनॉय राज्यात शेतकऱ्यांच्या मदतीसाठी ‘फार्म एड’ हा गाण्यांचा मोठा जलसा झाला.

अशा शेतकऱ्याला जानेवारीच्या कडाक्यात कोणी सांगितले की तासाला आठ-दहा डॉलरचे काम आहे, विमा आहे, फक्त समोर उभ्या असलेल्या माणसांमधून आत जावे लागेल, तर तो काय करील? आम्ही त्याला शिव्या देणार नाही. ज्याची जमीन गेली त्याच्या पायाखाली दुसरे काय होते? संपकऱ्यांनी त्याला फितूर म्हटले आणि त्याने संपकऱ्यांना म्हटले, तुम्ही दहा डॉलर नको म्हणता, मला तर वर्षभर खर्च वजा जाता काही उरत नाही. दोघेही खरे बोलत होते. दोघेही एकमेकांशी बोलत होते. ज्याच्याशी बोलायचे तो फाटकाच्या आत होता.

१९३३ मध्ये शेतकऱ्याची जप्ती थांबली होती. १९८६ मध्ये ती थांबली नाही. एका वर्षी शेतकरी पायावर उभा राहिला म्हणून कामगाराच्या शेजारी उभा राहू शकला. दुसऱ्या वर्षी तो आडवा झाला होता, म्हणून त्याचा उपयोग पायरीसारखा झाला. फरक पडला तो इथे. युनियनमधली फूट हे दुसरे कारण, तेही खरे. मार्च १९८६ मध्ये वरच्या युनियनने संपाची मान्यता काढून घेतली, पुढे स्थानिक युनियनचा कारभार ताब्यात घेतला आणि १९८६ मध्येच करार केला. करारात मजुरी दहा डॉलर पंचवीस सेंट ठरली, पण शेकडो संपकऱ्यांना जागा मिळाली नाही. त्यांची नावे प्रतीक्षा यादीत गेली. आयोवातल्या ऑटमवा इथल्या हॉर्मेलच्या कामगारांनी ऑस्टिनच्या पाठिंब्यासाठी काम थांबवले म्हणून तिथल्या सुमारे पाचशेजणांना काढले गेले, आणि १९८७ मध्ये हॉर्मेलने तो कारखाना बंदच केला. या संपावर बार्बरा कॉपल यांनी ‘अमेरिकन ड्रीम’ हा माहितीपट केला. १९९१ साली त्याला ऑस्कर मिळाले.

हरल्यावर शेतकऱ्याला काय मिळाले?

कारखानदार शेतकऱ्याला नेहमी एक गोष्ट सांगतो. कामगार फार मागतात, मजुरीचा खर्च कमी झाला की तुम्हाला भाव वाढवून देऊ. आता हिशेब तपासू.

मजुरी खाली आली. २००० नंतर मांस-कामगाराची मजुरी कारखान्यांच्या सरासरी मजुरीच्या बरीच खाली गेली होती. ऑस्टिनमध्ये हॉर्मेलने कत्तलीचे काम क्वालिटी पोर्क प्रोसेसर्स नावाच्या दुसऱ्या कंपनीकडे दिले, कमी मजुरीवर. तिथे पुढे बाहेरदेशांतून आलेले गरीब कामगार आले. साखळी ताशी १,३०० डुकरांच्या वर गेली. २००७ मध्ये डोकी साफ करणाऱ्या टेबलाजवळचे कामगार एका नव्याच नसांच्या रोगाने आजारी पडले. दाबाच्या हवेने मेंदू बाहेर काढला जायचा, त्याचे बारीक तुषार श्वासात जायचे, आणि शरीर आपल्याच नसांवर उलटायचे. डॉक्टरांनी कारण शोधल्यावर ती पद्धत बंद झाली.

मजुरी अशी कापली गेली. मग शेतकऱ्याचा भाव वाढला का? डिसेंबर १९९८ मध्ये जिवंत डुकराचा भाव शंभर पौंडाला दहा डॉलरच्या आसपास, काही दिवस त्याहूनही खाली गेला. महागाई धरली तर मंदीतल्या भावापेक्षाही कमी. दुकानात मांसाचा भाव मात्र त्या प्रमाणात उतरला नाही. ग्राहकाने डुकराच्या मांसासाठी दिलेल्या पैशात शेतकऱ्याचा वाटा १९८० च्या आसपास निम्म्याच्या जवळ होता. अलीकडच्या वर्षांत तो पाव हिश्शाच्या आसपास दिसतो. १९८० मध्ये त्या देशात डुकरे पाळणारी साडेसहा लाखांवर शेते होती. २०२२ च्या गणनेत साठ हजारांच्या आसपास उरली. गोमांसाच्या धंद्यात टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ या चारच कंपन्यांकडे आज सुमारे पंच्याऐंशी टक्के वाटा आहे. १९८० मध्ये पहिल्या चौघांचा वाटा छत्तीस टक्के होता.

हे सगळे केवळ एक संप हरल्याने झाले असे आम्ही म्हणत नाही. मोठी यंत्रे आली, मोठे गोठे आले, करारावरचे पशुपालन आले. पण मजुरी कमी झाली की शेतकऱ्याला भाव मिळतो, ही गोष्ट चाळीस वर्षांच्या अनुभवाने खोटी पाडली. वाचलेली मजुरी शेतकऱ्याकडे आली नाही.

२०२० च्या साथीत दोघे एकाच दोरीला बांधलेले आहेत हे उघड्यावर आले. मांस-कारखान्यांत कामगार खांद्याला खांदा लावून उभे असतात, तिथे रोग झपाट्याने पसरला आणि माणसे मेली. मिनेसोटातलाच वर्दिंग्टन इथला जेबीएसचा कारखाना काही दिवस बंद पडला. कारखाने बंद म्हटल्यावर तयार डुकरे घ्यायला कोणी नाही. शेतकऱ्यांनी आपल्याच हाताने जनावरे मारून पुरली. २८ एप्रिल २०२० रोजी राष्ट्राध्यक्षांनी कारखाने चालू ठेवण्याचा आदेश काढला. कामगाराच्या जिवाची काळजी आधीच घेतली असती तर त्याचाही जीव वाचता आणि शेतकऱ्याचा मालही.

आणि कंपन्यांवरचे दावे पाहा. डुकराच्या मांसाचा पुरवठा आणि भाव संगनमताने ठरवल्याचे दावे २०१८ पासून चालले. कामगारांची मजुरी संगनमताने दाबल्याचा वेगळा दावा झाला. त्यात २०२४ मध्ये टायसनने सव्वासात कोटी डॉलर आणि जेबीएसने साडेपाच कोटी डॉलर देऊन तडजोड केली. आरोप मान्य केले नाहीत, पैसे दिले. एका पात्याने भाव, दुसऱ्या पात्याने मजुरी. कात्री एकच.

ऑस्टिन मात्र मेलेले नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये हॉर्मेलच्या कामगारांनी कंपनीचा देकार मतदानाने फेटाळला आणि नंतर वाढीव मजुरीचा करार पदरात पाडून घेतला.

आपण काय घ्यायचे?

कापूस घेऊन आपण जिनच्या दारात जातो. ऐन हंगामात हमाल-मापाडी काम थांबवतात, गाड्या रांगेत उभ्या राहतात, बैल उन्हात, गाडीचे भाडे चढते आहे. आपल्याला राग येतो, आणि तो खोटा नाही. नुकसान आपलेच होते. अशा वेळी व्यापारी हळूच येऊन म्हणतो, तुमच्या गावची वीस पोरे द्या, आताच्या आता गाड्या मोकळ्या करतो. ऑस्टिनचे फाटक ते हेच.

आम्ही असे म्हणत नाही की प्रत्येक संपाला डोळे मिटून पाठिंबा द्या. मजुरी वाढली की बोजा शेतकऱ्यावर टाकण्याची व्यापाऱ्याची रीत आहे, तेव्हा आपला हिशेब आपण मांडलाच पाहिजे. आपणही रानात मजूर लावतो आणि आपल्याला मजुरी परवडत नाही ती भाव मिळत नाही म्हणून, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. पण हे सांगायचे ते गाड्या अडल्यावर फाटकावर उभे राहून नव्हे. हंगामाच्या आधी सांगायचे.

म्हणून आमचा या मेळाव्यापुढे साधा प्रस्ताव आहे. कापूस बाजारात येण्याआधी, पोळ्याच्या सुमारास, प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी आपल्या बाजारातल्या हमाल-मापाड्यांबरोबर आणि जिनच्या कामगारांबरोबर एकदा बसावे. आपण त्यांना शब्द द्यावा की तुमच्या जागेवर आमची पोरे उभी करणार नाही. त्यांनी आपल्याला शब्द द्यावा की आधी सांगितल्याशिवाय आणि तळावर आलेला माल मोजल्याशिवाय काम थांबवणार नाहीत. वजनातली लूट, कटती, उशिरा चुकारा या गोष्टी ते रोज डोळ्यांनी पाहतात. आपल्या बाजूचे इतके पक्के साक्षीदार दुसरे कोण आहेत?

आणि कर्जाची लढाई सोडायची नाही. ज्याच्या घरावर जप्तीची नोटीस लागली आहे त्याला एकजुटीचे व्याख्यान देऊन उपयोग नाही. त्याला आधी उभे करावे लागते. शेजाऱ्याच्या लिलावाला पाच सेंटांची बोली लावणाऱ्या त्या शेतकऱ्यांना हे कळले होते.

प्रस्तावावर तालुकावार चर्चा करून नावे आजच लिहून द्यावीत, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.